मूल भेटीला का येत नाही, हे आधी तपासा : पालकदुराव्याच्या अभ्यासासाठी शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोग

महोदय/महोदया,

एका पालकाने मुलाचे कान भरले आणि त्याला दुसऱ्या पालकापासून तोडले, ही तक्रार ठाण्याच्या आणि बेलापूरच्या न्यायालयांत नित्याची झाली आहे. अर्जांत तिला 'पॅरेंटल एलिएनेशन' म्हणतात. या पत्रात आम्ही 'पालकदुरावा' हा शब्द वापरला आहे. काही देशांच्या सरकारांनी या विषयाचा अभ्यास करून घेतला आहे. महाराष्ट्रानेही तो करावा आणि सुरुवात ठाणे जिल्ह्यापासून करावी, अशी आमची मागणी आहे. मात्र 'किती पालक मुलांना तोडतात' हा प्रश्न घेऊन अभ्यास सुरू झाला, तर तो पहिल्याच पानावर फसेल. न्यायालयाने वेगळ्या राहणाऱ्या पालकाशी भेट ठरवून दिल्यावर मूल येत नाही, किंवा येते पण बोलत नाही, असे केव्हा घडते आणि त्या त्या वेळी त्यामागे काय असते, हे आधी नोंदवायला हवे. कारण कोणते ते त्या नोंदीतून निघू द्या. उत्तर आधीच छापलेला तक्ता कृपया देऊ नका.

असे म्हणण्याला या संकल्पनेचा इतिहास कारण आहे. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी बालमनोविकारतज्ज्ञाने १९८५ साली 'पॅरेंटल एलिएनेशन सिंड्रोम' हे नाव दिले. त्याचा आधार मुख्यतः त्याने स्वतः तपासलेल्या प्रकरणांचा होता. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत या नावाचा विकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आपल्या अकराव्या आजार-वर्गीकरणाच्या सूचीतून हा शब्द काढून टाकला. म्हणजे हे वैद्यकीय निदान नाही. तरीही एखादा पालक मुलाला जाणूनबुजून दुसऱ्याविरुद्ध उभे करतो, त्याची पत्रे लपवतो, फोन उचलू देत नाही, 'तुझ्या बाबांनी आपल्याला टाकलं' हे रोज ऐकवतो, आणि मूल खरोखर तुटते, हेही तितकेच खरे आहे. यातली कोणतीही एक बाजू नाकारून केलेला अभ्यास निरुपयोगी ठरेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. फेब्रुवारी २०१७च्या निकालात या सिंड्रोमची आणि त्याच्या मुलावरील परिणामांची सविस्तर चर्चा आहे, आणि तेव्हापासून खालच्या न्यायालयांतल्या अर्जांत तो परिच्छेद उतरवून घेतला जातो. मे २०२४मध्ये त्याच न्यायालयाने बजावले की घाईने कोणाही पालकावर हा शिक्का मारू नये, मुलाला तोडणारी नेमकी कृती कोणती ती शोधावी आणि प्रत्येक प्रकरण स्वतंत्र तपासावे. नेमकी कृती शोधायची तर ती कुठेतरी लिहिलेली असावी लागते. आज ती लिहिली जात नाही. तुमच्या अभ्यासाचा खरा उपयोग इथे आहे.

परदेशांतील अनुभवांतून घेण्यासारखे मोजकेच आहे. वेल्समध्ये मुलांविषयी न्यायालयांना अहवाल देणाऱ्या 'कॅफकॅस कम्री' या सरकारी यंत्रणेने २०१८ साली कार्डिफ विद्यापीठाकडून उपलब्ध संशोधनाचा आणि निकालांचा आढावा करून घेतला. सर्वमान्य व्याख्या नाही आणि भक्कम पुरावा तोकडा आहे, असे त्यात निघाले. ब्राझीलने उलट क्रम धरला. ऑगस्ट २०१०मध्ये थेट कायदाच केला. मुलावरील अत्याचाराची तक्रार करणाऱ्या आयांविरुद्ध तो वापरला जातो असा आक्षेप आला, २०२२ साली त्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि तो रद्द करण्याची मागणी त्यानंतरही थांबली नाही. अमेरिकेत न्याय खात्याच्या अनुदानातून २०१९ साली पूर्ण झालेल्या अभ्यासात २००५ ते २०१४ या काळातले प्रसिद्ध निकाल तपासले गेले. वडिलांनी पालकदुराव्याचा प्रतिआरोप केला की आईच्या छळाच्या तक्रारीवर न्यायालय विश्वास ठेवण्याची शक्यता बरीच घटते, असा निष्कर्ष त्यात आला. दुसऱ्या गटाच्या संशोधकांनी त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही. आमच्या मते त्या अभ्यासाची मर्यादा कच्च्या मालातच होती. प्रसिद्ध होणारे निकाल बहुतेक अपिलांतले असतात. खालच्या न्यायालयात समेटाने, थकून किंवा गैरहजेरीने संपलेली प्रकरणे त्यात दिसतच नाहीत. महाराष्ट्राने केवळ निकालपत्रे वाचून अभ्यास केला तर हीच चूक होईल, आणि जास्त मोठी होईल. आपल्याकडे बहुतेक भेटी अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच्या तात्पुरत्या, आदेशांवर चालतात आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९प्रमाणे अशा आदेशांवर अपीलही होत नाही.

सर्वांत उपयोगी नमुना इंग्लंडचा आहे. तिथल्या कौटुंबिक न्याय परिषदेने डिसेंबर २०२४मध्ये न्यायालयांसाठी मार्गदर्शक टिपण काढले. पालकाने मुलाला तोडले असे म्हणायचे तर तीन गोष्टी एकत्र सिद्ध व्हाव्या लागतात. मूल भेट टाळते किंवा नाकारते. त्याचे कारण नाकारलेल्या पालकाच्या स्वतःच्या वागण्यात नाही, आणि मुलाच्या स्वाभाविक ओढीत किंवा वयातही नाही. दुसऱ्या पालकाच्या वागण्यामुळेच मूल असे वागू लागले. मुलाचा नकार हा तिसऱ्या गोष्टीचा पुरावा मानायचा नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. नकारावरून थेट दोषावर उडी मारण्याची सवय आपल्याकडच्या अर्जांत सर्रास दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांवरील हिंसाचारविषयक विशेष प्रतिवेदकांनी तर २०२३च्या अहवालात ही संकल्पना न्यायालयांत वापरण्यावर बंदीच घालावी असे म्हटले. आम्ही तितके पुढे जात नाही, पण त्या अहवालात मांडलेला धोका ठाण्यातही आहे.

आता ठाण्याकडे येऊ. पहिली अडचण मोजणीची. कौटुंबिक न्यायालयात ताब्याच्या आणि पालकत्वाच्या याचिका 'डी' प्रकारात नोंदल्या जातात. संगणकावरून 'डी' याचिकांचा आकडा काढला की जिल्ह्यातील ताब्याचे वाद कळले, असे वाटते. तसे होत नाही. बहुतेक वाद घटस्फोटाच्या 'ए' याचिकेत अंतरिम अर्ज म्हणून येतात आणि त्यांना स्वतंत्र प्रकरण क्रमांक न मिळता केवळ निशाणी क्रमांक, म्हणजे त्याच फाइलमधल्या कागदाचा क्रमांक, मिळतो. काही वाद दंडाधिकाऱ्यांसमोर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१खाली चालतात. ती फाइल वेगळ्या इमारतीत, वेगळ्या क्रमांकाने असते. परस्परसंमतीच्या 'एफ' याचिकांत भेटीचा करार शर्तींत लिहिलेला असतो आणि तो मोडला तरच नवा अर्ज येतो. तेव्हा अभ्यासात कुटुंब हे एकक धरावे लागेल. एका कुटुंबाच्या सगळ्या फायली एका सांकेतिक क्रमांकाखाली आणाव्या लागतील. दोन्ही पालकांची नावे, विवाहाची तारीख आणि मुलाचा जन्ममहिना जुळवून हे करता येते. जुळणी झाली की नावे काढून टाकावीत.

नवी मुंबईत आणखी एक गुंता आहे. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. आई माहेरी खारघरला गेली आणि वडील ऐरोलीत राहिले, तर पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९प्रमाणे मूल सामान्यतः कुठे राहते यावर अधिकारक्षेत्र ठरते. मग वडील ठाण्यात अर्ज करतात, आई पनवेलला, आणि हिंसाचाराची तक्रार आधीच बेलापुरात असते. प्रकरण एका न्यायालयातून दुसऱ्यात वर्ग करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात जातो. दोन घरांमध्ये लोकलने तासाभराचे अंतर, पण तीन फायलींतून भेटीचा पहिला आदेश यायला कित्येक महिने लागू शकतात. हा काळ अभ्यासात स्वतंत्र मोजा. पनवेलच्या फायली वगळल्या तर नवी मुंबईचे चित्र अर्धेच राहील.

उशीर हा विषय आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्या पायऱ्या सविस्तर सांगतो. एक पालक मूल घेऊन घराबाहेर पडतो. काही आठवडे नातेवाइकांची बोलणी चालतात. मग नोटिसा, मग याचिका, मग भेटीचा अंतरिम अर्ज. समोरचा पक्ष म्हणणे दाखल करायला मुदत मागतो, आणि एकदा मिळाली की पुन्हा मागतो. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९प्रमाणे समेटाचा प्रयत्न व्हायचा म्हणून दोघे समुपदेशकांकडे जातात, तिथल्या तारखा निराळ्या. त्यात उन्हाळी सुट्टी येते, न्यायाधीशांची बदली होते. शेवटी आदेश होतो तेव्हा घर सोडताना दोन वर्षांचे असलेले मूल तीन वर्षांचे झालेले असते. त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा त्या पालकाविना गेलेला असतो. पहिली भेट न्यायालयाच्या आवारात किंवा एखाद्या मॉलच्या फूड कोर्टात ठरते. मूल समोरच्या माणसाकडे जायला तयार होत नाही, रडते. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, ओळ पडते : 'मूल भेटीस इच्छुक नाही.' पुढच्या अर्जात हीच ओळ मुलाच्या इच्छेचा पुरावा म्हणून उभी राहते आणि दुसऱ्या बाजूच्या अर्जात कान भरल्याचा पुरावा म्हणून. दोन्ही चुकीचे असू शकते. अनोळखी झालेल्या माणसाला पाहून तीन वर्षांचे मूल रडते, यात कोणाचाच डाव असण्याची गरज नाही.

त्यामुळे प्रत्येक प्रकरणात चार तारखा हव्यात : मूल दोन्ही पालकांसोबत शेवटचे एका घरात झोपले ती, भेटीचा पहिला अर्ज दाखल झाला ती, भेटीचा पहिला आदेश झाला ती आणि प्रत्यक्ष पहिली भेट झाली ती. मुलाचे त्या त्या दिवशीचे वय शेजारी लिहावे. या चार तारखांमधली अंतरे आणि पुढे भेटी टिकल्या की मोडल्या, यांचा संबंध तपासला, तर एवढ्या एकाच कोष्टकातून शासनाला धोरणासाठी पुष्कळ हाती लागेल. उशिरामुळे निर्माण होणारा दुरावा किती आणि पालकाने घडवलेला किती, हे वेगळे काढण्याचा दुसरा सोपा मार्ग आम्हाला माहीत नाही.

दुसरा कच्चा माल म्हणजे भेटीची नोंद. आज ती रोजनाम्यातल्या किंवा समुपदेशकांच्या अहवालातल्या एका ओळीत संपते. आम्ही अर्ध्या पानाचा तक्ता सुचवतो, प्रत्येक भेटीसाठी एक. त्यात ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ असावी, मुलाला कोणी आणले, कोणी घेतले, याआधीची भेट कोणत्या तारखेला झाली, मूल आजारी, उपाशी किंवा झोपाळलेले होते का. पहिली दहा मिनिटे आणि शेवटची दहा मिनिटे वेगळी लिहावीत, कारण निरोप देताना रडणारे मूल पाच मिनिटांत खेळू लागणे ही लहान वयातली सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि संपूर्ण तासभर भिंतीकडे तोंड करून बसणारे मूल ही निराळी गोष्ट आहे. मूल काही बोलले तर ते त्याच्याच शब्दांत, अवतरणात. भेट रद्द झाली तर कोणी कळवले, किती वाजता, कारण काय आणि बदली भेट कधी दिली, एवढे पुरे.

या तक्त्यात एक चूक हमखास होते, ती म्हणजे निरीक्षणाच्या जागी निष्कर्ष लिहिणे. 'मूल वडिलांना घाबरते' हा निष्कर्ष झाला. 'मूल दाराशी थांबले, आईची ओढणी घट्ट धरली, आई बाहेर गेल्यावर चार मिनिटांनी खेळण्यांकडे गेले, वडिलांच्या हातून बिस्किट घेतले नाही, जाताना मागे वळून पाहिले' हे निरीक्षण झाले. पहिले वाक्य न्यायाधीशांना काहीच तपासू देत नाही. नोंद करणाऱ्यांना हा फरक कळण्यासाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि सरावासाठी वीस-पंचवीस लिखित प्रसंग लागतील. मोठा खर्च नाही.

कारणांच्या वर्गवारीसाठी जोन केली आणि जॅनेट जॉन्स्टन या संशोधिकांनी २००१ साली मांडलेली चढती रांग आम्हाला वापरण्याजोगी वाटते. एका टोकाला दोन्ही पालकांशी बरे असलेले मूल, मग एकाकडे स्वाभाविक ओढा असलेले, मग भांडणात एकाची बाजू घेतलेले, मग मारहाण, व्यसन किंवा हेळसांड यांमुळे सकारण दुरावलेले, आणि दुसऱ्या टोकाला सबळ कारणाविना तोडलेले मूल. आम्ही त्यात 'मिश्र' हा रकाना नक्की घालू. आमच्या समजुतीप्रमाणे अवघड प्रकरणांतली पुष्कळशी तिथेच बसतील : वडील खरोखर तापट आहेत, आणि आईही मुलासमोर ते रोज उगाळते. किंवा आई कामामुळे मुलाला कमी वेळ देत होती, आणि आजीने त्याच्या मनात 'आईला तू नकोच होतास' असे भरवून ठेवले.

आजीचा उल्लेख ओघात आला, पण हा मुद्दा परदेशी व्याख्यांत जवळजवळ नाही. त्या व्याख्या दोन पालक आणि एक मूल असे घर गृहीत धरतात. ठाण्यात आई-वडील दोघे सकाळी आठची लोकल धरतात आणि मूल दिवसभर आजी-आजोबांकडे असते. वेगळे झाल्यावर मुलाच्या कानावर दिवसभर जे पडते ते अनेकदा आजोबा, मामा, आत्या यांच्या तोंडून. पालकाने स्वतः काही केले नाही, मात्र थांबवलेही नाही, अशी प्रकरणे कोणत्या रकान्यात घालायची, हे अभ्यास सुरू होण्याआधी ठरवावे. भेट ज्या पालकाला मिळते त्याच्या घरचेही असेच. बाबांसोबत मूल सुखाने खेळते, पण आत्या शेजारी बसून 'आई काय म्हणते आमच्याबद्दल' असे खोदून विचारू लागली की पुढच्या आठवड्यात ते यायला तयार नसते. म्हणून तक्त्यात भेटीच्या वेळी हजर असलेल्या प्रत्येकाचे मुलाशी नाते लिहावे.

आता हिंसेविषयी, कारण इथे चूक झाली तर मुलाच्या जिवावर बेतू शकते. पालकदुराव्याचा आरोप तपासण्याआधी हिंसाचाराची तपासणी पूर्ण व्हावी, हा क्रम अभ्यासात आणि न्यायालयात दोन्हीकडे बदलू नये. तपासणी म्हणजे केवळ गुन्हा दाखल आहे का एवढे पाहणे नव्हे. पोलिसांत न गेलेल्या बायकांची संख्या मोठी असते. संरक्षण अधिकाऱ्यांचा घरगुती घटना अहवाल, रुग्णालयाचे कागद, शेजाऱ्यांचे आणि शाळेचे म्हणणे, मुलाने काय पाहिले, हे सारे पाहावे. तसेच आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तो खोटाच होता, असेही अभ्यासकांनी लिहू नये. 'सिद्ध', 'असिद्ध', 'खोटा असल्याचे न्यायालयाने म्हटले' आणि 'तपासलाच गेला नाही' असे चार वेगळे रकाने ठेवावेत. चौथ्या रकान्यात किती प्रकरणे पडतात, हे पाहणे फार गरजेचे आहे. खोट्या आरोपाखाली वर्षानुवर्षे मुलाला न भेटलेले वडील आहेत, आणि खऱ्या आरोपावर विश्वास न बसल्याने मुलाला दर रविवारी मारणाऱ्याच्या हाती द्यावे लागणाऱ्या आयाही आहेत. चार रकाने ठेवले तर दोघांनाही न्याय मिळेल.

मुलांशी थेट बोलायचे असेल तर पोक्सो कायद्याचे कलम १९ आधी वाचावे. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी धास्ती वाटली, तर पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संशोधकही त्यातून सुटत नाही. मुलाला आणि पालकांना हे मुलाखतीपूर्वीच सांगितले पाहिजे. संमतीसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत : सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी सहमती, बारा ते अठराच्या मुलाची लेखी, आणि पालकाची संमती वेगळी. ताब्याच्या वादात कोणाची संमती घ्यायची, हा प्रश्न लगेच येईल. ज्याच्याकडे मूल आहे त्याच्या एकट्याच्या संमतीवर काम केले, तर दुसरा पालक अभ्यासालाच पक्षपाती ठरवेल. दोघांचीही घ्यावी, आणि एकाने नकार दिला तर त्या मुलाची मुलाखत न घेता फक्त फाइल वाचावी.

एकाच भेटीत मुलाचे मन कळत नाही, हे आम्ही फार आग्रहाने सांगतो. पालक व पाल्य कायद्याचे कलम १७ समजून-उमजून पसंती सांगण्याच्या वयाच्या मुलाचे मत विचारात घ्यायला सांगते, आणि ते योग्यच आहे. पण सकाळी ज्या पालकाने तयार करून, रिक्षाने कोर्ट नाक्यावर आणले, त्याच्याविरुद्ध दहा वाजता नऊ वर्षांचे मूल काय बोलणार? किमान दोन मुलाखती, एकदा आईने आणल्यावर आणि एकदा वडिलांनी, शक्य तर शाळेच्या वेळेनंतर. मोठ्यांच्या तोंडचे शब्द मुलाच्या बोलण्यात आले, उदाहरणार्थ 'पोटगी' किंवा 'मानसिक छळ', तर तेवढ्यावरून त्याला पढवले असे ठरवू नये. घरात रोज चालणारे बोलणे ते ऐकतच असते. त्याला तीच गोष्ट आपल्या शब्दांत, प्रसंगासह सांगता येते का, हे विचारावे. दहावीतल्या मुलाचा नकार तर पुष्कळदा क्लास, परीक्षा आणि मित्र यांच्यामुळे असतो.

अभ्यासाचा आकार आम्ही असा सुचवतो. मागील तीन पूर्ण वर्षांत भेटीचा किंवा ताब्याचा अर्ज दाखल झालेल्या कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून चारशे निवडावीत, ठाणे, बेलापूर आणि पनवेलची प्रकरणे त्यांत प्रमाणात यावीत. पहिल्या पन्नास फायली दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचून रकाने भरावेत. जिथे मतभेद होतील तिथल्या व्याख्या दुरुस्त कराव्यात आणि मगच पुढे जावे. याशिवाय नव्याने अर्ज करणारी शंभर कुटुंबे घेऊन अर्जाच्या दिवसापासून अठरा महिने त्यांचा मागोवा घ्यावा. जुन्या फायलींत फक्त भांडण उरलेले असते. भेटी सुरळीत सुरू झालेल्या घरांत काय वेगळे केले गेले, हे दुसऱ्या गटातूनच कळेल. न्यायालयीन कागद पाहायला उच्च न्यायालयाची परवानगी लागेल, आणि कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११खाली बंद दालनात चाललेल्या प्रकरणांची काळजी घ्यावी लागेल. तेव्हा पहिले पत्र प्रबंधकांना जायला हवे. समुपदेशनात बोललेले गोपनीय असते, ते अभ्यासासाठी मागू नये. अभ्यासाचा कोणताही कागद कोणत्याही पक्षाला पुरावा म्हणून मिळणार नाही, अशी लेखी हमी उच्च न्यायालयाच्या संमतीने सुरुवातीलाच द्यावी. ती नसेल तर पालक खरे बोलणार नाहीत, वकील बोलू देणार नाहीत.

मुलांची तपासणी कोण करणार, हेही ठरवा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, 'समुपदेशक' ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो. पालकदुराव्याचे प्रमाणपत्र देणारे खासगी तज्ज्ञ आता मिळू लागले आहेत आणि काही जण दुसऱ्या पालकाला न भेटताच ते देतात. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाच्या कौटुंबिक विभागाने फेब्रुवारी २०२३मध्ये नेमक्या याच प्रश्नावर निकाल दिला : अशा प्रकरणातला तज्ज्ञ पात्र आहे का हे नीट तपासावे, आणि दुरावा आहे की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न असून तो न्यायाधीशांनी ठरवायचा आहे. आपल्याकडे कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १२ न्यायालयाला तज्ज्ञाची मदत घेऊ देते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातील आणि बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या मानसिक आरोग्य संस्थेतील तज्ज्ञांची मदत घेऊन पात्र व्यक्तींची यादी करता येईल.

काही गोष्टींसाठी अभ्यासाची वाट पाहू नये. कौटुंबिक न्यायालयांतील समुपदेशकांची संख्या ठरवणे, उच्च न्यायालयाशी सल्लामसलत करून, हे कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ६प्रमाणे राज्य शासनाचे काम आहे. ती वाढवा, आणि शनिवार-रविवारी भेटींसाठी खेळघर उघडे ठेवता येईल एवढी तरी करा. सुरक्षेची शंका असलेल्या प्रकरणांत देखरेखीखालची भेट व्हायला ठाण्यात एक आणि नवी मुंबईत एक अशा दोन जागा महिला व बालविकास विभाग स्वतःच्या इमारतींतून देऊ शकतो : दोन दारे, म्हणजे पालक समोरासमोर येणार नाहीत, मुलाला आणणाऱ्याने पंधरा मिनिटे आधी येऊन निघून जायचे, आणि एक प्रशिक्षित व्यक्ती कायम खोलीत.

आदेशाचा मराठी नमुनाही लगेच होण्याजोगा आहे. 'वाजवी भेट द्यावी' एवढ्या आदेशातून पुढचे दहा अर्ज निघतात. वार, वेळ, जागा, मूल कोण देणार आणि कोण घेणार, आजारपणात बदली भेट किती दिवसांत, परीक्षेच्या आठवड्यात काय, फोन कोणत्या क्रमांकावर आणि कोण लावणार, हे लिहिलेले हवे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०च्या निकालात भेटीबरोबरच व्हिडिओ कॉलवरच्या संपर्कालाही महत्त्व दिले आहे, तेव्हा त्याचीही वेळ आणि मिनिटे आदेशात यावीत. 'सणाची अर्धी सुट्टी' असे लिहिले की गणपतीत तंटा ठरलेला, कारण एका घरचा दीड दिवसाचा गणपती गावी कोकणात बसतो आणि दुसऱ्या घरचा घोडबंदरला. सम वर्षी गणपती एकाकडे, दिवाळी दुसऱ्याकडे, विषम वर्षी उलट, असे लिहिल्यास हा वाद उरत नाही. मे महिन्याच्या सुट्टीच्या तारखा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेखी कळवाव्यात. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवू नये, हे वाक्य प्रत्येक आदेशात छापील असावे.

शाळांसाठी शिक्षण विभागामार्फत एक परिपत्रक लागेल. न्यायालयाची मनाई नसेल तर दोन्ही पालकांना प्रगतिपुस्तक, पालकसभेची सूचना आणि शाळेच्या ॲपचा प्रवेश मिळावा. प्रवेश अर्जातून एका पालकाचे नाव वगळले तर शाळेने कारण विचारून कागद पाहावा. मुख्याध्यापकांना आज कोणताही लेखी आधार नाही, म्हणून ते दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवतात, आणि मुलापर्यंत 'बाबा शाळेत कधी आलेच नाहीत' एवढेच पोहोचते.

विधी आयोगाने मे २०१५मध्ये आपल्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणण्याची शिफारस केली होती. त्यावर अजून कायदा झालेला नाही. ते कायदे केंद्राचे आहेत म्हणून राज्याने थांबू नये. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम २३प्रमाणे उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि कलम २१खाली उच्च न्यायालयालाही आहे. भेटीचा अंतरिम अर्ज दाखल झाल्यापासून तीस दिवसांत निदान देखरेखीखालची एक भेट, हिंसेची प्राथमिक तपासणी त्याच मुदतीत, आणि म्हणणे दाखल करायला एकच मुदतवाढ, एवढे नियमात आणावे, ही आमची विनंती आहे.

भेटीच्या तक्त्याचा, चार तारखांच्या कोष्टकाचा आणि आदेशाच्या नमुन्याचा मराठी मसुदा आम्ही विनामूल्य देऊ. उच्च न्यायालयाची परवानगी मिळाल्यास पहिल्या पन्नास फायलींच्या वाचनालाही आमच्यापैकी जे त्या प्रकरणांत कोणाच्याही बाजूने नाहीत, ते उपलब्ध असतील.

आपले,
ठाणे व नवी मुंबईत ताब्याच्या आणि भेटीच्या प्रकरणांत काम करणारे वकील, समुपदेशक आणि बालमानसतज्ज्ञ